पीटर बँक्सचा येस

येस या इंग्लिश रॉक बँडचे चाहते एकत्र आले की गप्पांचे विषय ठरलेले असतात. ‘क्लोज टू द एज’ हा अल्बम मोठा का ‘फ्रॅजाइल’, कीबोर्डवर रिक वेकमन भारी का टोनी के, ८० च्या दशकात ‘ओनर ऑफ अ लोनली हार्ट’ वाजवणाऱ्या बँडला येस म्हणायचं का नाही, आणि यावर दोन तास आरामात भांडण चालतं. मधेच कोणी १९६९ च्या पहिल्या अल्बमचं नाव काढलं तर बाकीचे ‘हां, तोही आहे की’ म्हणतात आणि परत वेकमनच्या स्टेजवरच्या झग्यावर येतात. कट्टर लोकांची ही तऱ्हा, मग इतरांचं काय बोलायचं. हल्लीच्या कॉलेजातल्या पोरांना येस माहितीये तो ‘राउंडअबाउट’मुळे आणि ‘राउंडअबाउट’ माहितीये ते ‘जोजो’ या जपानी ॲनिमेच्या शेवटी वाजतं म्हणून, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही, कुठून का होईना आले ना, पण ते गाणं बँडच्या चौथ्या अल्बमवरचं आहे आणि आधीच्या तिघांकडे फार कोणी जात नाही, म्हणजे तिसरा तरी ऐकतात, दुसरा कधीमधी, पहिला नाहीच.

आणि जे लिहिलेलं सापडतं त्याचा सूर साधारण एकच, की पोरं अजून शिकत होती, पुढे जे व्हायचं होतं त्याची चिन्हं इथे दिसतात वगैरे वगैरे. मुलाचे पाय पाळण्यात. मला हे अजिबात पटत नाही, कारण या पाळण्यात जे पाय दिसतात ते पुढे त्या वाटेने चाललेच नाहीत. या अल्बमवर जो बँड वाजतो तो वेगळाच बँड आहे, त्याची आवड वेगळी, त्याचा गिटारवाला, पीटर बँक्स, वेगळा, आणि दुसऱ्याचं गाणं उचलून त्याचं काय करायचं याची जी अक्कल त्याच्याकडे होती ती पुढच्या येसने जवळजवळ वापरलीच नाही. त्यामुळे ‘क्लोज टू द एज’कडे जायची पहिली पायरी म्हणून हा अल्बम ऐकलात तर तो थोडा किरकोळ वाटणार, वाटेलच. तसा ऐकूच नका.

आधी जरा पार्श्वभूमी, थोडक्यात सांगतो. लंडनमधल्या सोहो भागात वॉर्डर स्ट्रीटवर मार्की नावाचा क्लब होता, साठच्या दशकात तिथे कोण वाजवून गेलं नाही ते विचारा. त्याच रस्त्यावर जवळच ला शास नावाचा छोटा बार, गाणंबजावणं करणारी मंडळी तिथे प्यायला यायची. जॉन अँडरसन तिथे ग्लास विसळणं, टेबलं पुसणं अशी कामं करायचा. लँकशरमधल्या ॲक्रिंग्टन गावचा हा माणूस, आधी भावाबरोबर वॉरियर्स नावाच्या बँडमध्ये गायलेला, मग ‘हान्स ख्रिश्चन अँडरसन’ असल्या अचाट नावाने एकट्याच्या दोन सिंगल्स काढल्या, त्या पडल्या. बारच्या मालकाने, म्हणजे जॅक बॅरीने, १९६८ मध्ये त्याची गाठ ख्रिस स्क्वायरशी घालून दिली. स्क्वायर लहानपणी चर्चच्या कॉयरमध्ये गाणारा, पुढे बेस वाजवायला लागला, आदल्या वर्षी एलएसडीच्या एका वाईट डोसमुळे थेट हॉस्पिटलात पोचला होता आणि त्यानंतर कित्येक महिने घराबाहेर न पडता नुसता बेस घासत बसला होता. दोघांचं जुळलं ते सायमन अँड गारफंकलवरून, म्हणजे आवाजात आवाज मिसळून गाण्यावरून. हे लक्षात ठेवा, कारण अल्बमवर पहिल्या गाण्यापासून तेच ऐकू येतं, आडदांड बेस आणि त्याच्यावर तीन तीन आवाजांतलं एकदम नितळ गाणं. असं करणारे बँड तेव्हा फार नव्हते.

स्क्वायर तेव्हा मेबल ग्रीअर्स टॉयशॉप नावाच्या सायकेडेलिक बँडमध्ये होता (त्या काळातल्या बँडच्या नावांवर एक वेगळी पोस्ट होईल खरं तर), आणि गिटारला पीटर बँक्स. हे दोघं त्याआधी सिन नावाच्या बँडमध्येही एकत्र होते, तो बँड जानेवारी १९६७ मध्ये मार्कीत जिमी हेंड्रिक्सच्या आधी वाजवलेला. हेंड्रिक्सच्या आधी स्टेजवर जायचं म्हणजे काय प्रकार असेल विचार करा, समोर अर्धं लंडन त्याला बघायला आलेलं आणि तुम्ही आपली तुमची गाणी वाजवताय. असो. मग ‘मेलडी मेकर’ या साप्ताहिकातल्या जाहिरातीवरून बिल ब्रुफर्ड नावाचा ड्रमर मिळाला, जॅझचा वेडा, ऑर्गनवर टोनी के आला, शाफ्ट्सबरी ॲव्हेन्यूवरच्या एका कॅफेच्या तळघरात तालमी झाल्या, आणि ऑगस्ट १९६८ मध्ये एसेक्समधल्या ईस्ट मर्सी इथे एका युथ कॅम्पवर पहिला शो. येस हे नाव सुचवलं बँक्सने. छोटं आहे, पोस्टरवर मोठं छापता येतं, असा सरळ हिशोब.

नशीबही साथ देत होतं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ब्लेझेस क्लबमध्ये स्लाय अँड द फॅमिली स्टोन वाजवणार होते, ते आलेच नाहीत, ऐन वेळी यांना बोलावलं आणि यांनी ती रात्र मारून नेली, तिथला मॅनेजर रॉय फ्लिन एवढा खूश झाला की पुढे तो यांचाच मॅनेजर झाला. नोव्हेंबरमध्ये रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये क्रीम या बँडच्या निरोपाच्या शोला हे आधी वाजवणारे. म्हणजे तयार होऊन चार महिने झालेला बँड, आणि थेट अल्बर्ट हॉल! ‘मेलडी मेकर’च्या टोनी विल्सनने तर लिहूनच टाकलं की पुढे जाणारे दोन बँड म्हणजे येस आणि लेड झेपलिन.

आणि मग २५ जुलै १९६९ ला अटलांटिक कंपनीने अल्बम काढला, अमेरिकेत त्याच ऑक्टोबरमध्ये, आणि दोन्हीकडच्या चार्टवर त्याचा पत्ता नाही. शून्य. लेड झेपलिनचं काय झालं ते सांगायला नको. त्यात ऑक्टोबरमध्येच किंग क्रिमसनचा पहिला अल्बम आला, तो ब्रिटनमध्ये पाचव्या नंबरापर्यंत गेला, आणि ‘प्रोग्रेसिव्ह’ रॉक म्हणजे काय याचं उत्तर लोकांनी तिथे शोधलं. क्रिमसनच्या त्या अल्बमसमोर येसचा अल्बम फारच सभ्य वाटतो हे खरंय. लेस्टर बँग्ज, जो भल्याभल्यांची साल काढायचा, त्याने ‘रोलिंग स्टोन’मध्ये १९७० च्या सुरुवातीला या अल्बमबद्दल चांगलं लिहिलं, पण समीक्षकाच्या चांगलं म्हणण्याने रेकॉर्ड खपत असत्या तर काय हवं होतं.

आता मुद्द्याचं. आठ गाणी आहेत, त्यातली दोन दुसऱ्यांची. बर्ड्सचं ‘आय सी यू’ आणि बीटल्सचं ‘एव्हरी लिटल थिंग’. आणि मला विचाराल तर हीच दोन अल्बमवरची सगळ्यात भारी गाणी आहेत, आणि नेमकी यांच्यावरूनच लोक नाक मुरडतात, की बघा, स्वतःकडे पुरेसा माल नव्हता म्हणून कव्हर मारली. अरे बाबांनो, तेव्हाच्या लंडनमध्ये ती फॅशनच होती. व्हॅनिला फज या अमेरिकन बँडने सुप्रीम्सचं गाणं घेऊन ते अगदी संथ आणि अवजड करून टाकलं होतं, किथ एमर्सनच्या नाइस या बँडने ‘वेस्ट साइड स्टोरी’ या म्युझिकलमधलं बर्नस्टाइनचं ‘अमेरिका’ ऑर्गनवर फाडून ठेवलं, जो कॉकरने बीटल्सचं ‘विथ अ लिटल हेल्प’ असं काही गायलं की १९६८ च्या नोव्हेंबरमध्ये ते ब्रिटनमध्ये पहिल्या नंबरवर. गाणं कोणाचं यापेक्षा तुम्ही त्याचं काय करता हे बघितलं जायचं. आपल्याकडे नाट्यसंगीताच्या बैठकीत हे कोणाला समजवावं लागत नाही, नाटकात पाच मिनिटांत आटपणारं पद बैठकीत गवई अर्धा तास गातो आणि श्रोते त्यासाठीच आलेले असतात, पद दुसऱ्याने बांधलंय म्हणून गवयाला कोणी कमी लेखत नाही. रॉकवाल्यांमध्ये मात्र स्वतः लिहिलं तरच खरं असा एक भ्रम बसलाय, तो मुख्यतः बीटल्समुळेच बसला ही गंमत.

‘एव्हरी लिटल थिंग’ बीटल्सच्या १९६४ च्या ‘बीटल्स फॉर सेल’वरचं. दोन मिनिटांचं गोड प्रेमगीत, रिंगोने मधे टिंपनी वाजवलीये एवढंच त्यातलं काय ते वेगळेपण. येसने ते साडेपाच मिनिटांच्या आसपास नेलंय. आणि गाणं सुरूच होत नाही आधी! ब्रुफर्ड ड्रम्सवर नुसता सुटलेला, गिटार कुरकुरतीये, मधेच वेग वाढतो, मधेच वाटतं आता येईल गाणं, येत नाही, आणि मग बँक्स हळूच बीटल्सच्याच ‘डे ट्रिपर’ची ती गिटारची ओळ टाकतो. डोळा मारल्यासारखी. म्हणजे तुम्हाला वाटतं की हे बीटल्सचं ते गाणं वाजवणार, आणि मग येतं भलतंच. मला हा प्रकार पहिल्यांदा कळला तेव्हा एकटाच हसलो होतो. मग अँडरसनचा आवाज येतो आणि शब्द तेच, चाल तीच, पण तोपर्यंत बँडने खालची जमीनच बदलून ठेवलेली असते, ते साधं गाणं आता एकदम मोठ्या मैदानात उभं असल्यासारखं वाटायला लागतं. पुढच्या येसमध्ये असली चेष्टामस्करी नाही राव. पुढचा येस फार गंभीर. ‘टेल्स फ्रॉम टोपोग्राफिक ओशन्स’मध्ये एक तरी विनोद शोधून दाखवा, जेवण माझ्याकडून.

‘आय सी यू’ आणखी वर. मूळ गाणं बर्ड्सच्या १९६६ च्या ‘फिफ्थ डायमेन्शन’वरचं, रॉजर मॅग्विन आणि डेव्हिड क्रॉस्बीचं, अडीच मिनिटांचं. येसचं साडेसहा मिनिटांच्या पुढे. सुरुवात साधारण मूळ गाण्याच्याच अंगाने होते, वेग जरा जास्त, आवाज तीन. पण मधे एका जागी सगळे थांबतात. बेस नाही, ऑर्गन नाही, गाणं नाही. फक्त बँक्सची गिटार आणि ब्रुफर्डचे ड्रम्स, आणि दोघंही हळू आवाजात. बँक्स इथे रॉक वाजवतच नाही, जॅझ गिटारवाल्या वेस माँटगोमेरीची आठवण यावी असे गोल गोल कॉर्ड, एक वाक्य टाकतो आणि थांबतो, ब्रुफर्ड त्याला सिंबलवर उत्तर देतो, मग परत बँक्स. दोन माणसं बोलतायत आणि तिसऱ्याची गरज नाहीये असं चाललेलं असतं. हेडफोन लावून ऐका, स्पीकरवर हा भाग हरवतो, त्यातून पंखा चालू असेल तर बोलायलाच नको. मग हळूहळू बँक्स चिडायला लागतो, सूर फाटायला लागतात, आवाज वाढतो, आणि तिकडून सगळा बँड धाडकन परत येतो. या जागेला मी कितीही वेळा ऐकलं तरी थोडा पुढे सरकून बसतो.

हे जे आहे ना, दोघांनी समोरासमोर बसून क्षणाक्षणाला ठरवणं, हे येसमधून नंतर गेलं. पुढे बँक्सच्या जागी आलेला स्टीव्ह हाव हा गिटारवादक म्हणून बँक्सपेक्षा मोठा आहे, त्यात वाद घालायची माझी तयारी नाही, पण हावचं वाजवणं म्हणजे आधी विचार करून रचलेलं, प्रत्येक तुकडा जागच्या जागी. येसची ती मोठी वीस वीस मिनिटांची गाणी तशीच रचलेली आहेत आणि त्यात त्यांची ताकद आहे. बँक्सचं वाजवणं तसं नव्हतं, तो रोज वेगळं वाजवणारा माणूस, कधी भन्नाट आणि कधी बेसूरही. आणि ब्रुफर्डला असा माणूस समोर हवा असायचा असं मला कायम वाटतं, नाहीतर येस अगदी शिखरावर असताना, १९७२ मध्ये, ‘क्लोज टू द एज’ पूर्ण करून तो किंग क्रिमसनमध्ये का निघून गेला असता? पैसे तर इकडे जास्त होते.

ब्रुफर्डबद्दल अजून एक. अल्बम आला तेव्हा हा २० वर्षांचा होता, स्क्वायर २१, बँक्स नुकताच २२ झालेला. आपण २० व्या वर्षी काय करत होतो हा प्रश्न इथे विचारायचा नसतो. त्याचा स्नेअरचा आवाज बघा, तो टणक, कडेवर मारल्यासारखा ‘टक्’, जो पुढे पन्नास ड्रमरनी उचलायचा प्रयत्न केला, तो इथे पहिल्या गाण्यापासून आहे. ‘हॅरोल्ड लँड’ या गाण्याचं नावही त्याच्याच आवडीतून आलेलं, हॅरोल्ड लँड हा खराखुरा अमेरिकन सॅक्सोफोनवाला, क्लिफर्ड ब्राउन आणि मॅक्स रोच यांच्या बँडमध्ये वाजवायचा. गाण्याचा मात्र त्याच्याशी काही संबंध नाही, गाणं आहे युद्धावर गेलेल्या माणसाचं, जो परत तर येतो पण आत काही उरलेलं नसतं. आता युद्धाबद्दलच्या गाण्यात जॅझवाल्याचं नाव का, तर आवडलं म्हणून. मला हे फार आवडतं. पण ऐकण्यासारखी जागा गाण्याची सुरुवात, टोनी केचा ऑर्गन लगबगीने आत येतो, मागून स्क्वायरचा बेस नुसता ढकलत असतो, आणि मग हे सगळं आवरतं घेऊन गाणं मंद होतं आणि गोष्ट सुरू होते.

टोनी केला लोक अगदीच गृहीत धरतात. वेकमन आल्यावर सगळ्यांना वाटलं की आता कुठे बँडला खरा कीबोर्डवाला मिळाला. केला मूग सिंथेसायझर आणि मेलोट्रॉन असल्या नव्या कीबोर्डांमध्ये फारसा रस नव्हता, म्हणूनच १९७१ मध्ये त्याला जावं लागलं, पण या अल्बमला जे लागत होतं ते त्याच्या हॅमंड ऑर्गनमध्ये पुरेपूर आहे, थोडा खरखरीत, मागे उभं राहून बँडला रेटा देणारा आवाज. सोलो कमी, काम जास्त.

स्क्वायरच्या रिकनबॅकर बेसबद्दल तर इतकं लिहिलं गेलंय की मी काय वेगळं सांगणार. फक्त एवढंच सांगतो की ‘सर्व्हायव्हल’ हे शेवटचं गाणं लावा आणि पहिलं एक मिनिट फक्त बेसकडे कान द्या. बेस इथे साथीला नाहीये, पुढे येऊन बोलतोय. ते सगळं वाजून झाल्यावर एकदम शांतता आणि ॲकॉस्टिक गिटारवर अँडरसन गायला लागतो, घरटं, अंडं, नवा जीव असल्या विषयावर. शब्द भाबडे आहेत. अँडरसनचे शब्द पुढेही कायम अधांतरीच राहिले, निदान इथे काय चाललंय ते कळतं तरी. पण चाल! हा माणूस कुठलंही वाद्य धड वाजवत नसताना असल्या चाली कुठून आणायचा देव जाणे. आणि हो, पुढच्या येसची चिन्हं म्हणतात ती खरी कुठे असतील तर या एका गाण्यात आहेत, तेवढं मान्य.

बाकीच्यात डावंउजवं आहेच. ‘बियॉन्ड अँड बिफोर’ हे टॉयशॉपच्या दिवसांतलं, क्लाइव्ह बेली आणि स्क्वायरचं, ते साठच्या दशकातच अडकलेलं आहे पण अल्बमची सुरुवात म्हणून जोरदार. ‘यस्टरडे अँड टुडे’ छोटं, ॲकॉस्टिक, त्यात ब्रुफर्डने व्हायब्राफोन वाजवलाय, रात्री उशिरा बरं वाटतं. ‘लुकिंग अराउंड’ मला कधी धरून ठेवत नाही, चालू राहतं आणि संपतं. ‘स्वीटनेस’ हे अँडरसन आणि स्क्वायरने भेटल्यावर केलेलं पहिलं गाणं म्हणतात, आणि नावाप्रमाणेच जरा जास्त गोड, पहिली सिंगल हीच काढली होती, चालली नाही. तीस वर्षांनी व्हिन्सेंट गॅलोने ‘बफेलो ’६६’ या सिनेमात ते वापरलं आणि काही लोकांना तिथून हा अल्बम सापडला. तेही चांगलंच.

रेकॉर्डिंगबद्दल मात्र बोलायला हवं, कारण अल्बम मागे पडला त्यात याचाही वाटा असणार. निर्माता म्हणून पॉल क्ले आणि बँड यांची नावं आहेत, आणि जे बाहेर आलं ते सपाट आहे. स्टेजवर या बँडचा आवाज किती मोठा होता ते त्या काळातले सगळेच सांगतात, इथे तो पुठ्ठ्याच्या खोक्यात बसवलाय. एडी ऑफर्ड नावाचा इंजिनिअर पुढच्या अल्बमला आला आणि तिसऱ्या अल्बमपासून त्याने बँडबरोबर निर्मितीही केली, त्या ‘द येस अल्बम’शी तुलना केली तर फरक लगेच कळतो, बेसला वजन आलंय, ड्रम्सना हवा मिळालीये. पहिल्या अल्बमला ऑफर्ड मिळाला असता तर, असं बऱ्याचदा मनात येतं. कव्हरही साधंच, इंग्लंडमध्ये काळ्या पार्श्वभूमीवर बोलण्याच्या फुग्यात येस लिहिलेलं आणि अमेरिकेत बँडचा फोटो. पुढच्या कव्हरांवरची चित्रकार रॉजर डीनची ती तरंगती बेटं आणि ती अक्षरं यायला अजून अवकाश होता, आणि प्रोग्रेसिव्ह रॉकच्या गिऱ्हाइकाला कव्हरचं केवढं वेड असतं ते आपल्याला माहितीये.

आणि मग बँक्सचं जे झालं ते. दुसऱ्या अल्बमला, ‘टाइम अँड अ वर्ड’ला, बँडने ऑर्केस्ट्रा घ्यायचा ठरवला. बँक्सला ते पसंत नव्हतं आणि कान देऊन ऐकलं तर कारण समजतं, जिथे त्याची गिटार असायला हवी तिथे व्हायोलिनं बसलीयेत. अल्बम यायच्या आधीच, १९७० च्या एप्रिलमध्ये, त्याला काढलं. म्हणजे ज्याने बँडला नाव दिलं त्यालाच घरी पाठवलं. त्याच्या जागी स्टीव्ह हाव आला, आणि कळस म्हणजे अमेरिकेत त्या दुसऱ्या अल्बमच्या कव्हरवर फोटो छापला तो हावसकट, ज्याने त्यात एक सूरही वाजवलेला नव्हता! आत बँक्स, बाहेर हाव. दुकानात उभं राहून कव्हर बघणाऱ्याला बँक्स नावाचा कोणी होता हे कळणार कसं.

पुढे त्याने फ्लॅश नावाचा बँड काढला, १९७२ च्या पहिल्या अल्बमवर टोनी केनेच कीबोर्ड वाजवलेत, म्हणजे काढलेले दोघं परत एकत्र. तो अल्बम चांगला आहे, शोधून ऐका. १९७३ मध्ये एकट्याचा एक काढला. मग हळूहळू नाव मागे पडत गेलं आणि २०१३ मध्ये तो गेला. २०१७ मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमने येसला घेतलं तेव्हा आठ जणांची नावं होती, अँडरसन, स्क्वायर (तोही २०१५ मध्ये गेला होता, म्हणजे गेलेल्यांना घेत नाहीत असं नाही), ब्रुफर्ड, के, हाव, वेकमन, ॲलन व्हाइट, ट्रेव्हर रेबिन. बँक्स नाही. पहिल्या अल्बमवरच्या पाचातले चार आत आणि एक बाहेर, आणि तो एक म्हणजे ज्याच्या गिटारमुळे तो अल्बम तसा वाजतो तो. याचं मला अजूनही कळत नाही. दोन अल्बम वाजवले म्हणून पुरेसं नाही म्हणावं तर असे नियम ते एरवी कुठे पाळतात?

त्याच्याबरोबर कव्हर गाणीही गेली. दुसऱ्या अल्बमवर रिची हेवन्सचं एक आणि स्टीफन स्टिल्सचं एक आहे, तिसऱ्यावर एकही नाही, त्यानंतर सायमन अँड गारफंकलचं ‘अमेरिका’ १९७२ मध्ये सिंगल म्हणून आलं तेवढंच काय ते. आणि ते ‘अमेरिका’ ऐकताना मला प्रत्येक वेळी वाटतं की अरे, हे तर बँक्सच्या येसचं काम, हावने वाजवलेलं. फार सुंदर वाजवलंय, तो भाग वेगळा.

ऐकायचा असेल तर २००३ मध्ये ऱ्हायनो कंपनीने काढलेली आवृत्ती बघा, त्यात वेस्ट साइड स्टोरीतलं ‘समथिंग्ज कमिंग’ आहे, जे ‘स्वीटनेस’ सिंगलच्या मागच्या बाजूला होतं. हे मूळ अल्बमवर का नाही घेतलं देव जाणे, बर्नस्टाइनची ती चाल उचलून यांनी सात मिनिटं जो काही धुडगूस घातलाय त्याच्यापुढे ‘लुकिंग अराउंड’ म्हणजे काहीच नाही. आणि ज्यांना रेकॉर्डिंगच्या सपाटपणाचा त्रास होतो त्यांच्यासाठी बीबीसीच्या स्टुडिओत १९६९-७० मध्ये वाजवलेलं सगळं आहे, बँक्सने स्वतः गोळा करून १९९७ मध्ये ते बाहेर काढलं, इंग्लंडात ‘समथिंग्ज कमिंग’ नावाने आणि अमेरिकेत ‘बियॉन्ड अँड बिफोर’ नावाने, दोन्ही एकच. आवाज काही ठिकाणी खराब आहे, टेपचा सूं सूं आवाज येतो, पण बँड तिथे मोकळा सुटलाय. मी तर सांगेन आधी अल्बममधलं ‘आय सी यू’, मग बीबीसीचं, आणि मधे बँक्स काय बदलतो तेवढं बघा. वेकमनच्या झग्यावर नंतर बोलू.